चिलिका : गोड्या-खाऱ्या पाण्याचं नवल

आज आपण ओडिशातल्या चिलिका सरोवराची ओळख करून घेऊ. बंगालचा उपसागर आणि हे सरोवर यांच्यामध्ये वाळूची एक लांब पट्टी आहे. त्या पट्टीला जिथे तोंड आहे, तिथून समुद्र आत-बाहेर करतो.

इथलं पहिलं नवल म्हणजे पाण्याची चव. पावसाळ्यात महानदीच्या दया, भार्गवी या शाखा पूर घेऊन येतात. तेव्हा बरंचसं पाणी गोडं होतं आणि सरोवर फुगून सुमारे ११०० चौरस किलोमीटर पसरतं. पाऊस सरला की भरतीचं पाणी आत शिरतं आणि उन्हाळ्यापर्यंत तेच पाणी खारट होतं.

दुसरं नवल नलबन बेटाचं. पावसाळ्यात हे बेट चक्क बुडतं. हिवाळ्यात पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो. त्यातले किडे, शिंपले, पाणवनस्पती खायला दूर उत्तरेकडून लाखो पक्षी येतात. शिवाय बोथट तोंडाचे इरावडी डॉल्फिनही या सरोवरात राहतात.

या सगळ्याची किल्ली त्या तोंडापाशी आहे. बोय मासा अंडी घालायला समुद्रात जातो, त्याची पिल्लं वाढायला सरोवरात येतात. कोळंबीचंही तसंच. नद्यांचा गाळ आणि किनाऱ्याची वाळू साचून तोंड आक्रसत गेलं, तेव्हा ही ये-जा अडली. पाण्याचा खारेपणा घटला, गोड्या पाण्यातलं तण माजलं, मासळी रोडावली. मासळीवर जगणाऱ्या घरांच्या चुली अडचणीत आल्या.

मग अभ्यास करून २३ सप्टेंबर २००० रोजी वाळूची पट्टी कापून नवं तोंड उघडलं गेलं. समुद्राकडची वाट सुमारे १८ किलोमीटरने कमी झाली. खारं पाणी परतलं, तण हटलं आणि दोन वर्षांत मासळी कितीतरी पटींनी वाढली. १९९३ मध्ये चिलिकाचं नाव जगातल्या धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं होतं. २००२ मध्ये ते त्यातून निघालं.

आपल्या कोकणातल्या खाड्याही अशाच गोड्या-खाऱ्या पाण्यावर जगतात. जिताडा, कोळंबी, खेकडे, कालवं ही सारी त्याच पाण्याची देणगी. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढंच विचारूया : आपल्या खाडीचं तोंड पूर्वी किती रुंद होतं, तिथे मासळी कोणती मिळायची, आणि आज काय मिळतं? मिळालेली उत्तरं वहीत लिहून ठेवूया. ग्रामसभेत बोलताना ती वही कामाला येईल.