कृमींच्या स्नायूंना पोहोचणारा रासायनिक संकेत

बालाघाटाच्या रांगेत, मांजरसुंब्याच्या आसपासच्या माळांवर पावसाळ्यात गवत उगवते, तेव्हा चरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांच्या पोटात त्या गवताबरोबर कृमींच्या अळ्याही जातात. त्यांपैकी हीमाँकस कन्टॉर्टस हा गोलकृमी जठराच्या चौथ्या कोठ्यात राहून रक्त शोषतो. जनावराची पापणी आतून पांढरी पडते, जबड्याखाली पाणी साठून सूज येते. औषध पाजले की कृमी पडतात, हे मेंढपाळास ठाऊक असते. ते का पडतात, हा प्रश्न स्नायूंच्या रसायनशास्त्रात शिरल्याखेरीज सुटत नाही.

गोलकृमीच्या देहभित्तीत केवळ लांबीच्या दिशेचे स्नायू असतात. वर्तुळाकार स्नायू मुळीच नसतात. पृष्ठाकडील स्नायू आखडत असता उदराकडील सैल पडले, तरच शरीरात लाट उठते. या व्यवस्थेतील विलक्षण गोष्ट अशी की, येथे मज्जातंतू स्नायूकडे शाखा पाठवीत नाही. प्रत्येक स्नायुपेशीच आपला बाहू मज्जारज्जूपर्यंत पसरते. विहिरीने तहानलेल्याकडे न जाता तहानलेल्याने विहिरीकडे जावे, तसाच हा प्रकार होय. मज्जातंतूतून स्रवलेले ॲसिटिलकोलीन स्नायूवरील ग्राहकास चिकटते, ग्राहकातील मार्ग उघडून सोडियमचे आयन आत शिरतात, पेशीचा विद्युत्भार पालटतो, आतील कॅल्शियम वाढते व तंतू आखडतात. समोरच्या बाजूस गामा-ॲमिनोब्युटिरिक आम्ल क्लोराइडचे मार्ग उघडून स्नायू शिथिल करते. काम होताच एक विकर ॲसिटिलकोलीनचे विघटन करते.

लेव्हामिझोल हे औषध ॲसिटिलकोलीनचे सोंग घेऊन त्याच ग्राहकास चिकटते. परंतु ते विकर त्यास तोडू शकत नाही. सर्व स्नायू एकदम आखडतात, कृमी ताठरतो आणि अन्नप्रवाहाबरोबर वाहून जातो. पायपरेझीन याच्या उलट शिथिलतेचा संकेत देते व कृमी लुळा पडतो. शेवट मात्र एकच.

तथापि संकेताचा अर्थ द्रव्यात नसून ग्राहकात असतो. ‘शिक्षा’ हा एकच शब्द मराठीत दंड व हिंदीत शिक्षण सुचवितो, तद्वतच हे आहे. १९५२ साली गाडगीळ व शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथील मानवी शिस्टोसोमा-रोगाची माहिती प्रसिद्ध केली. त्या वंशातील शिस्टोसोमा मॅन्सोनी या चपट्या कृमीत तेच ॲसिटिलकोलीन स्नायू सैल करते. उत्तेजन मिळते ते सेरोटोनिनमुळे.

ग्राहकही कायमचा एकरूप राहत नाही. तो पाच उपघटकांचा बनलेला असतो, आणि लेव्हामिझोलला न जुमानणाऱ्या हीमाँकसच्या वाणांत त्यांपैकी एसीआर-८ या उपघटकाच्या जनुकात फेरफार आढळले आहेत. सबंध कळपास वारंवार औषध पाजले, तर असेच कृमी तेवढे उरतात व माळावर त्यांचीच अंडी पडतात. म्हणून पापणीचा रंग तक्त्याशी ताडून केवळ फिकट दिसणाऱ्या जनावरांनाच औषध देण्याची फामाचा ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत निघाली. औषध न दिलेल्या जनावरांच्या पोटातील कृमींस संकेत अद्याप समजतो, आणि माळावर त्यांचीही प्रजा वाढत राहते.