संकेतस्थळ व समाजमाध्यमे : नोंद एकाच ठिकाणी असावी



अहवाल वर्षातील एक प्रसंग प्रथम नमूद करतो. जेऊर परिसरातील एक शेतमजूर आपल्या वृद्ध मातोश्रींना घेऊन सकाळच्या गाडीने केम स्थानकावर उतरले आणि थेट रुग्णालयात आले. त्यांच्या भ्रमणध्वनीवर मोफत नेत्रतपासणी शिबिराचा संदेश होता. दिनांक व महिना बरोबर होता. वर्ष मात्र लिहिलेले नव्हते. तो संदेश गतवर्षीचा होता आणि तो आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप समूहातून बाहेर पडलेला होता. मातोश्रींची तपासणी त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात करून देण्यात आली. तथापि त्या गृहस्थांची एक दिवसाची मजुरी बुडाली, ती आपल्या चुकीमुळे. खात्री करून घेण्यासाठी त्यांच्या मुलाने आपले संकेतस्थळ पाहिले होते. तेथे शिबिराविषयी एक ओळही नव्हती.

कुंकवामुळे केमचे नाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. आपल्या रुग्णालयाची माहिती मात्र आजही मुख्यतः तोंडी आणि आता भ्रमणध्वनीवरून पसरते. म्हणून हे काम शोभेचे नसून रुग्णसेवेचाच भाग आहे, हे ध्यानात घ्यावे लागेल.

हिशेबाच्या कामात एक जुना नियम आहे. व्यवहाराची मूळ नोंद रोजकीर्दीत होते आणि तेथूनच ती खतावणीत जाते. कोणी परस्पर खतावणीत आकडा लिहिला, तर ताळा जुळत नाही. संकेतस्थळ ही संस्थेची रोजकीर्द समजावी. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक ही खतावणी. कोणतीही सूचना प्रथम संकेतस्थळावर पूर्ण दिनांकासह नोंदविली जावी आणि समाजमाध्यमांवर तिचाच गोषवारा त्या पानाच्या दुव्यासह जावा. संदेश कितीही हातांतून फिरला, तरी वाचणाऱ्यास मूळ नोंद पडताळून पाहता येते.

संकेतस्थळावर प्रथम काय असावे? संस्थापकांची छायाचित्रे व उद्घाटनाचे वृत्तांत अवश्य असावेत, परंतु ते नंतर. रुग्णास प्रथम हवे असतात तपासणीचे वार आणि वेळा, तातडीच्या सेवेचा दूरध्वनी क्रमांक, दर आणि सवलतीचे नियम. यांपैकी शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार, योजनेखालील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. ज्यास हा हक्क ठाऊक नाही, तो सावकाराकडे जातो. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढविण्यात आली आहे. जुनी मर्यादा पानावर तशीच राहिली, तर पात्र रुग्ण स्वतःस अपात्र समजून घरीच थांबेल. चुकीची माहिती ही माहिती नसण्यापेक्षाही घातक ठरते, ती अशी.

दुसरी अडचण लिपीची. २००० नंतरच्या दशकात आपले बहुतेक मराठी टंकलेखन श्रीलिपीसारख्या प्रणालींवर होत असे. त्या काळच्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर अगम्य चिन्हांत दिसतो आणि शोधयंत्रास सापडत नाही. छापील अहवालाचे केवळ छायाचित्र चढविले, तरी तीच गत होते. यापुढील सर्व मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या अहवालांचे रूपांतर सवडीने करता येईल.

समाजमाध्यमांविषयी काही पथ्ये आवश्यक आहेत. अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप समूहात संदेश केवळ कार्यालयाने पाठवावेत. समूहात प्रत्येकाचा क्रमांक इतरांस दिसतो, म्हणून सभासदास विचारूनच त्यांचा समावेश करावा. रक्ताच्या मागणीच्या संदेशात दिनांक व वेळ लिहावी आणि गरज भागताच तसे कळवावे. शिबिरातील रुग्णांची छायाचित्रे संमतीशिवाय प्रसिद्ध करू नयेत. बालकांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. तथापि कायदा नसता, तरी रुग्णाची लाज राखणे हे आपले कर्तव्यच होते. देणगीसाठी खाते क्रमांक वा क्यूआर संकेत कोणी पाठविल्यास तो संकेतस्थळावरील नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय रक्कम पाठवू नये.

वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना, लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभासदत्वाचा अर्जही तेथे असावा. मात्र संस्थेच्या घटनेत सांगितलेल्या रीतीने सूचना धाडण्याचे बंधन त्यामुळे संपत नाही.

या सर्वांस मोठा खर्च लागत नाही. लागते ती शिस्त. संकेतस्थळ बहुधा मोडत नाही, ते विसरले जाते. ते तयार करून देणारा तरुण नोकरीनिमित्त परगावी जातो, परवलीचा शब्द त्याच्यापाशीच राहतो आणि नूतनीकरणाची तारीख कोणासही ठाऊक नसते. म्हणून संकेतस्थळाचे नाव संस्थेच्या नावे नोंदलेले असावे, परवलीचे शब्द कार्यालयात मोहोरबंद ठेवावेत आणि दरमहा पहिल्या सोमवारी एका नेमून दिलेल्या कर्मचाऱ्याने प्रत्येक पान तपासून दिनांकासह स्वाक्षरी करावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहे.

सभासदांस एकच विनंती. संस्थेच्या नावाने आलेला संदेश पुढे धाडण्यापूर्वी त्यावरील वर्ष पाहावे. वर्ष नसेल, तर तो पुढे न धाडता कार्यालयास कळवावे. जेऊरहून आलेल्या त्या माउलीस पुन्हा बोलवायचे, तर ते योग्य दिवशीच बोलवावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.



— प्रशासकीय अधिकारी