उताराचे पाणी आणि चढावरची शेते

पाचगणीच्या टेबललँडवरून खाली पाहिले की कृष्णेचे खोरे आणि धोमचा जलाशय नजरेत भरतो. पश्चिमेस जवळच असलेल्या महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे 6,000 मिलिमीटर पाऊस कोसळतो. पाचगणीस त्याचा तिसरा हिस्सा जेमतेम लाभतो आणि माण, आटपाडीकडे तो 500 मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. सातारा-सांगलीच्या शेतीचे सारे भाग्य या उतरत्या आकड्यांत सामावले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन चेसन यांनी दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या परिसरात वसाहत उभारून परदेशी झाडे व पिके रुजविली. ही वसाहत गोऱ्यांच्या विश्रांतीसाठी होती. कुणब्याची शेती पालटली ती पायथ्याशी. 1860 च्या दशकात कऱ्हाडजवळ खोडशी येथे बंधारा घालून कृष्णा कालवा काढण्यात आला. 1880 च्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग आला. त्याने वाईला बगल दिली. म्हणून पाचगणीचा प्रवासी वाठार स्टेशनावर उतरून पसरणी घाट चढू लागला. रुळांमुळे ओसाड माळालाही मोल आले. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला, तो याच मार्गाच्या आधारे.

तथापि कालवा उताराने जातो. चढावरची शेते कोरडीच राहतात. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी ही निसर्गाची अट मोडली खरी, परंतु तेथे पाण्यामागे विजेचा खर्च लागला. बिल थकले की पंप थांबतात आणि उभे पीक करपते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला गेले, ही घटना सर्वांना स्मरत असेल. पाणी कोठेही नेता येते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. ते कोणाला, किती आणि कोणत्या दराने द्यावयाचे, हा प्रश्न मात्र शिल्लकच आहे.

त्याचे एक उत्तर खानापूर तालुक्यातच मिळाले होते. 1980 च्या दशकात बलवडी व तांदुळवाडीच्या ग्रामस्थांनी येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधताना समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला. शासनाच्या मोठ्या योजनांनी हे तत्त्व आपल्या नियमांत उतरविल्याखेरीज घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचा न्याय माणच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचणार नाही.