इन्सुलिन घेऊन विमानात बसताना

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या आई-वडिलांना सगळ्यात मोठी धास्ती असते ती सिक्युरिटीची. 'सुया काढून घेतील', 'मशीनमधून गेलं की औषध बाद होतं', 'फ्रिजशिवाय सोळा तास कसं टिकणार?' या तिन्ही गोष्टींची काळजी करण्यासारखं फारसं काही नाही. खरा घोळ होतो तो घड्याळात आणि जेवणाच्या ट्रेमध्ये, आणि त्याबद्दल निघण्यापूर्वी कोणी विचारत नाही.

आधी सिक्युरिटीचं उरकू. इन्सुलिन, पेन, सुया, ग्लुकोमीटर हे सगळं हातातल्या बॅगेत नेता येतं. शंभर मिलिलिटरची द्रवपदार्थांची अट औषधांना लागू नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचं मूळ खोकं जवळ ठेवावं, आणि तपासणीला उभं राहताच स्वतःहून सांगावं. सामानाच्या एक्स-रेने इन्सुलिन बिघडत नाही. इन्सुलिन पंप किंवा दंडावरचा सेन्सर असेल तर गोष्ट वेगळी. अनेक कंपन्या ही उपकरणं एक्स-रे आणि बॉडी स्कॅनरमधून नेऊ नका असं सांगतात. तेव्हा हाताने तपासणी करायला सांगावं.

'चेक-इनच्या बॅगेत नीट गुंडाळून ठेवलं की झालं' हा मात्र महागात पडणारा समज. बॅग हरवली तर औषधही गेलं, हे एक. दुसरं म्हणजे, सामानाच्या कक्षात किंवा धावपट्टीजवळच्या ट्रॉलीवर तापमान किती असेल याची खात्री कोणी देत नाही. इन्सुलिन एकदा गोठलं की त्याची ताकद जाते. वितळल्यावर ते दिसायला ठीक वाटलं तरी टाकूनच द्यायचं. बर्फाच्या पॅकला कुपी चिकटवून ठेवणारी मंडळी हेच संकट घरून घेऊन निघतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं हे खरं, पण बहुतेक प्रकार ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकतात (नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर पाहावी). त्यापुढे सोळा तासांचं काय! विमानाच्या केबिनपेक्षा नागपूरच्या मे महिन्यातली, उन्हात उभी केलेली टॅक्सी कितीतरी घातक.

आता जेवण. मिश्र ह्युमन इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं, ही घरची शिस्त. ती अंगात इतकी भिनलेली असते की ट्रॉली दिसली रे दिसली की सुई टोचून मोकळे. मग विमान हलायला लागतं, पट्टे बांधायला सांगतात, ट्रॉली परत जाते, आणि पाऊण तासाने शुगर डाऊन होऊन दरदरून घाम फुटतो. विमानात ताट समोर आल्यावरच इंजेक्शन घ्यावं. त्या वेळेपुरती साखर थोडी चढली तरी चालेल. 'डायबेटिक मील' मागितलं की काळजी मिटली, असंही नाही. कधी त्यात भरपूर भात-ब्रेड असतो, तर कधी इतकं कमी पिष्टमय असतं की नेहमीचा डोस जास्त होतो.

घड्याळाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. 'तिथल्या सकाळी सकाळचं, रात्री रात्रीचं' हे सूत्र ऐकायला सरळ वाटतं. जाताना ते बऱ्यापैकी निभावतंही, कारण पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक. लांबलेल्या दिवसात एखादा जास्तीचा डोस लागतो. तो चुकला तर साखर चढते, पण चढलेली साखर सहसा वेळ देते.

परतीचा प्रवास जास्त जपून करावा. समजा, उन्हाळ्यात न्यूआर्कहून दुपारी बाराला विमान निघालं. सकाळी आठचं मिश्र इन्सुलिन घेऊन झालंय, रात्री आठचं विमानात घेतलं. पंधरा तासांनी मुंबईत उतरलात तेव्हा इथे दुपारचे साडेबारा. घरच्यांनी ताट वाढलं, 'सकाळचं राहिलंच की' म्हणून एकला डोस घेतला. पण विमानात घेतलेला डोस भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचचा, म्हणजे मध्ये साडेसातच तास गेले. पुन्हा रात्री आठला नेहमीचा डोस. बारा-बारा तासांच्या अंतराने घ्यायचं औषध एकावर एक साचत गेलं, आणि रात्री जेट लॅगच्या गाढ झोपेत साखर उतरली तर कळणार कोणाला? पूर्वेकडे येताना दिवस आखूड होतो, म्हणून डोस कमी करावा लागतो. किती आणि कुठला, हे तिकीट दाखवून डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं. दिवसातून एकदा दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन आणि जेवणापुरतं वेगळं, अशी पद्धत असेल तर आखणी सोपी जाते. प्रवासात हातातलं एक घड्याळ जिथून निघालात तिथल्याच वेळेवर राहू द्यावं.

साखर उतरल्यावर पर्समधला बेसनाचा लाडू काढणं हाही एक लाडका गैरसमज. लाडवातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, चॉकलेटचंही तसंच. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून घ्यावी, पंधरा मिनिटांनी तपासावं. लाडू त्यानंतर खुशाल खावा. तपासताना बोट धुतलेलं असावं. फळ खाल्लेल्या हाताने घेतलेला आकडा फसवतो.

आणि 'संपलं तर तिथे घेऊ'? भारतीय चिठ्ठीवर अमेरिकेतलं दुकान सहसा औषध देत नाही. शिवाय आपल्याकडच्या अनेक कुप्यांत मिलिलिटरला ४० युनिट असतात, तिथे १००. लाल टोपणाच्या ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. आपलं ३०/७० तिथे ७०/३० असं लिहितात, मिश्रण तेच. म्हणून मुक्कामाला लागेल त्याच्या दुप्पट इन्सुलिन आणि सिरिंजही घरूनच न्याव्यात, अर्ध्या आपल्या हातातल्या बॅगेत, अर्ध्या जोडीदाराच्या.