दोषांची बाजू घेणारं निर्दोष पुस्तक

लंडनच्या हॅमरस्मिथ भागात विल्यम मॉरिसने १८९१ साली केल्मस्कॉट छापखाना काढला आणि पुढच्याच वर्षी जॉन रस्किनचा ‘द नेचर ऑफ गॉथिक’ हा निबंध छापला. प्रती ५००, किंमत ३० शिलिंग. हातकागद, चर्मपत्राची बांधणी, वेलबुट्टीची आद्याक्षरं यांमुळे संग्राहक आजही या पुस्तकावर जीव टाकतात. ते समजण्यासारखं आहे. पण मॉरिसला ही निव्वळ शोभेची वस्तू करायची नव्हती. रस्किनचं म्हणणं कामात उतरवता येतं का, हे त्याला पाहायचं होतं. आणि या कसोटीला पुस्तक माझ्या मते अर्धंच उतरतं.

हा निबंध मुळात ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’च्या १८५३ मधल्या दुसऱ्या खंडातलं एक प्रकरण. गॉथिक इमारतींची सहा लक्षणं रस्किन सांगतो आणि त्यांत पहिला मान देतो रांगडेपणाला. दगडावर पानं-फुलं कोरणाऱ्या पाथरवटाचा हात चुकला तरी चालेल, कारण ती चूक म्हणजे त्याला स्वतःच्या डोक्याने काम करू दिल्याची खूण. उलट काचेचे मणी बनवणारा कामगार दिवसभर कांड्यांचे एकसारखे तुकडे पाडत बसतो; श्रमविभागणीत काम विभागलं जात नाही, माणूसच तुकड्या-तुकड्यांत विभागला जातो, हा रस्किनचा आरोप. मॉरिसने प्रस्तावनेत या लेखनाला शतकातल्या मोजक्या अटळ विधानांत स्थान दिलं, ते याच मुद्द्यासाठी.

मग ३० शिलिंगांचं पुस्तक कोणासाठी, असं कोणीही विचारेल. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने तर १८९९ साली केल्मस्कॉटच्या पुस्तकांना श्रीमंती मिरवण्याच्या खर्चात जमा केलं. यावर रस्किनच्या बाजूने उत्तर आहे: स्वस्त वस्तूची उरलेली किंमत कामगाराच्या आयुष्यातून वसूल होते. उत्तर खोटं नाही, पण पुरेसंही नाही. मला खटकतं ते दुसरंच. अक्षरांचे आकार मॉरिसचे, समासही त्याच्याच हिशोबाचे; खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने स्वतःच्या मनाचं काय घातलं? पाथरवटाला मिळालेली मोकळीक त्याला कुठे मिळाली? चांगली साधनं आणि सावकाश काम करण्याची मुभा मिळाली, हे खरं. कारखान्याच्या मानाने तेही मोठंच. आणखी एक गंमत म्हणजे मजकूर गॉथिकचा असला तरी खिळ्यांचं वळण निकोलस जेन्सनच्या व्हेनिसमधल्या १४७० च्या दशकातल्या रोमन अक्षरांवरून घेतलेलं, म्हणजे रस्किनला नावडत्या रेनेसान्सचं. त्या अक्षरांचा अभ्यासही मॉरिसने छायाचित्रं मोठी करून केला.

हाच निबंध १८५४ साली लंडनमध्ये वर्किंग मेन्स कॉलेज सुरू झालं तेव्हा साध्या पुस्तिकेच्या रूपात उपस्थितांना वाटला होता. त्या पुस्तिकेत वेलबुट्टी नव्हती; वाचक मात्र तेच होते, ज्यांच्याविषयी रस्किनने लिहिलं होतं.