रांगोळीच्या ठिपक्यांतून गणिताची ओळख

नर्सरी आणि केजीच्या वर्गांचे वार्षिक प्रदर्शन पाहिले, की दोन भिंती हमखास दिसतात. एका भिंतीवर एक ते शंभरपर्यंतचे आकडे सुवाच्य अक्षरात गिरवलेले कागद असतात. दुसरीवर कापूस चिकटवलेले ससे, कागदी फुले आणि हातांच्या ठशांची झाडे. पहिली भिंत 'अभ्यासा'ची, दुसरी 'हौसे'ची. वेळापत्रकातही हीच विभागणी असते. गणिताचा तास संपला, की मग चित्रकला.

बालशिक्षणाच्या अभ्यासकांना ही विभागणी मान्य नाही. तीन ते सहा या वयात मूल संख्या, आकार, क्रम आणि मापे शिकते ते प्रामुख्याने हाताने आणि डोळ्याने. चित्र काढणे, घडी घालणे, मणी ओवणे, ठिपके जोडणे या क्रिया गणितानंतरचा विरंगुळा नाहीत. त्या वयाचे गणित बव्हंशी त्यांतच दडलेले असते. मात्र ते आपोआप बाहेर येत नाही. त्यासाठी मोठ्या माणसाने योग्य वेळी योग्य प्रश्न विचारावा लागतो.

मोजणे म्हणजे पाठांतर नव्हे

चार वर्षांचे मूल वीसपर्यंत घडाघडा म्हणते, तेव्हा त्याला मोजता येते असा पालकांचा समज होतो. मात्र त्याच्यापुढे सात बटणे ठेवली, तर ते एखादे बटण दोनदा मोजते, एखादे वगळते आणि 'मग किती बटणे?' असे विचारल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. सात हा शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजेच बटणांची संख्या, ही जाण अद्याप आलेली नसते.

रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीमागील पाच तत्त्वे मांडली. प्रत्येक वस्तूला एकच संख्यानाम देणे, संख्यानामांचा क्रम न बदलणे, शेवटचे नाव म्हणजे एकूण संख्या हे उमगणे, कोणत्याही वस्तू मोजता येतात हे कळणे आणि मोजणी कोठूनही सुरू केली तरी उत्तर तेच येते हे समजणे, ही ती तत्त्वे होत. यांपैकी संख्यानामांचा क्रम तेवढा पाठांतराने साधतो. उरलेली चार तत्त्वे वस्तू हाताळल्याशिवाय उमगत नाहीत. माशाच्या चित्रात प्रत्येक माशाला एक डोळा चिकटवणे, हा एकास एक संगतीचा उत्तम धडा आहे. डोळा उरला किंवा कमी पडला, की चूक मुलालाच दिसते. शिक्षिकेला तांबड्या शाईचा आधार घ्यावा लागत नाही.

आठ ठोकळे आणि एक चौकोनी कागद

कला आणि गणित यांची ही सांगड नवी नाही. फ्रीडरिश फ्रबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ साली बाड ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, असे नाव दिले. मुलांसाठी त्याने क्रमवार खेळसाहित्य तयार केले. लोकरीच्या चेंडूंपासून आरंभ, मग गोल, घन व वृत्तचिती आणि त्यानंतर आठ छोट्या घनांचा मिळून बनलेला एक मोठा घन.

या आठ ठोकळ्यांशी मुलांनी तीन प्रकारे खेळावे, अशी फ्रबेलची कल्पना होती. खुर्ची, जिना, पूल अशा जीवनातील वस्तू घडवाव्यात. त्याच ठोकळ्यांचे निम्मे, पाव, अष्टमांश असे भाग पाडून ज्ञानाचे आकार करावेत. आणि मध्याभोवती समतोल मांडणी करून सौंदर्याचे आकार साकारावेत. साहित्य तेच, मूल तेच. वस्तू, गणित आणि नक्षी या त्याच्या तीन बाजू.

फ्रबेलच्या उपक्रमांत कागदाच्या घड्यांनाही स्थान होते. त्यातून एका भारतीयाला स्फुरलेल्या कामाची कथा लक्षणीय आहे. टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासमध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. ही कल्पना आपल्याला किंडरगार्टनमधील घडीकामावरून सुचली, असे त्यांनी प्रस्तावनेतच नमूद केले आहे. चौरसापासून आरंभ करून ते पुस्तक बहुभुजाकृती आणि वक्ररेषांपर्यंत जाते. पुढे अमेरिकेतही त्याची आवृत्ती निघाली. बालवाडीतील एका खेळात प्रौढांच्या भूमितीचे बीज असू शकते, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

महाराष्ट्रात ही दृष्टी रुजवण्याचे श्रेय ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडे जाते. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढे कोसबाडला गेले. महागडी परदेशी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यामुळे बिया, शिंपले, पाने, खडे, माती हेच शिक्षणाचे साहित्य झाले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा विचारही याच परिसरातील आदिवासी पाड्यांवर आकाराला आला आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला.

अंगणातली गणितशाळा

मराठी घरांत या साहित्याची वानवा कधीच नव्हती. ठिपक्यांच्या रांगोळीचेच पाहा. 'सात ते चार, मधले ठिपके' एवढ्या पाच शब्दांत रांगोळीचा संपूर्ण आराखडा सांगितला जातो. मधली ओळ सात ठिपक्यांची. तिच्या वर आणि खाली सहा, पाच, चार अशा ओळी. आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण ठिपके ३७ आणि बाह्यरेषा षटकोनाची. रांगोळी काढणारी आजी हे गणित मांडून दाखवत नाही, पण एक ठिपका चुकला तर नक्षी मिटत नाही, हे तिला पक्के ठाऊक असते.

तमिळनाडूतील कोलम रांगोळ्यांची दखल तर संगणकशास्त्रानेही घेतली. गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली कोलमच्या नक्षीरचनेचे नियम गणिती व्याकरणाच्या भाषेत मांडले.

चार वर्षांच्या मुलाकडून ३७ ठिपक्यांची अपेक्षा अर्थातच नाही. त्याला तीन ओळींत तीन-तीन ठिपके पुरेत. पाटीवर खडूने ठिपके काढताना 'आता या ओळीत किती हवेत?' आणि जोडून झाल्यावर 'यात चौकोन किती सापडतात?' एवढे दोन प्रश्न विचारले, तरी मोजणी, ओळ, स्तंभ आणि आकार यांची ओळख होते. मोठे भावंड चार छोट्या चौकोनांवर थांबत नाही. त्याला बाहेरचा मोठा पाचवा चौकोनही सापडतो.

दसऱ्याचे तोरण हा दुसरा धडा. दोन झेंडू, एक आंब्याचे पान, पुन्हा दोन झेंडू, एक पान. पुढे काय येणार हे मूल सांगू शकले, की त्याने नियम ओळखला. तोच नियम टाळ्या आणि चुटक्यांत वाजवता आला, तर नियम वस्तूंपासून वेगळा काढता येतो हेही त्याला उमगले. बीजगणिताकडे जाणारी पहिली पायरी हीच. मग 'पाच पानांसाठी किती फुले लागतील?' हा प्रश्न गुणाकाराचे नावही न घेता त्याच्यापुढे ठेवता येतो.

घडी घातलेल्या कागदाच्या एका बाजूवर ओल्या रंगाचे ठिपके देऊन कागद मिटला आणि उघडला, की फुलपाखरू तयार होते. मिटण्यापूर्वी 'दुसरा ठिपका कोठे उमटेल?' असे विचारले, की मूल सममितीविषयी अंदाज बांधते आणि लगेच तो पडताळूनही पाहते. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. चौकोनी घोटीव कागदाचे तिरपे तुकडे कापून असा माणूस करताना, दोन त्रिकोणांचा पुन्हा एक चौकोन होतो, हा शोध मुलाला स्वतःच लागतो.

सत्तावन्न की पंचाहत्तर?

मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण असते. '५७' लिहिताना पाच आधी येतो, पण 'सत्तावन्न' म्हणताना सात आधी ऐकू येतो. त्यामुळे अनेक मुले सत्तावन्न ऐकून ७५ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास सात' अशा वाचनाचा पर्याय देण्यात आला, तेव्हा राज्यभर वादळ उठले. गणित विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका मांडली होती. तो वाद बाजूला ठेवला, तरी अडचण खरी आहे.

हस्तकला येथे मदतीला येते. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल अशी शंभर मण्यांची माळ मुलांनी स्वतः ओवली, तर सत्तावन्न म्हणजे पाच पूर्ण गट आणि पुढचे सात मणी, हे डोळ्यांना दिसते. नाव कोणत्याही क्रमाने उच्चारले, तरी राशी मनात पक्की राहते.

हौस कोठे चुकते?

याचा अर्थ, प्रत्येक चित्र हा गणिताचा धडा असतो असे नाही. '३' या छापील आकड्यात रंग भरल्याने तीनची जाण येत नाही. रेषेबाहेर न जाण्याची सवय तेवढी होते. शिक्षिकेने आधीच कापून ठेवलेले तुकडे ठरलेल्या जागी चिकटवणे, यात मुलाने ना काही मोजलेले असते, ना काही रचलेले. तीस मुलांचे तीस ससे हुबेहूब एकसारखे दिसत असतील, तर तेथे कलाही नसते आणि गणितही. रात्री जागून आईवडिलांनी पूर्ण केलेल्या प्रोजेक्टविषयी तर बोलायलाच नको.

उलट टोकही टाळायला हवे. मूल रंगात रमले असताना दर मिनिटाला 'हे किती, ते किती' असा भडिमार केला, तर चित्राचा आनंद जातो आणि गणिताचा धाक तेवढा उरतो. एका उपक्रमात एक-दोन प्रश्न पुष्कळ झाले. उत्तर चुकले तर लगेच सुधारण्यापेक्षा 'कसे मोजलेस, दाखव बरे' असे म्हणणे अधिक उपयोगी ठरते.

प्रश्न केवळ बालवाडीचा नाही

एवढ्या लहान वयातील गणिताला महत्त्व कशासाठी द्यायचे? ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील सहा मोठ्या पाहण्यांतील माहिती एकत्र तपासण्यात आली. शाळाप्रवेशाच्या वेळची गणिताची जाण ही पुढील शैक्षणिक प्रगतीची सर्वांत ठळक पूर्वखूण असल्याचे त्यात आढळले. पूर्वखूण म्हणजे कारण नव्हे, हे खरे. तरीही पाया कच्चा राहिला तर वरचे मजले डळमळतात, हे शिक्षकांच्या अनुभवाचे बोल आहेत. 'असर' २०२४ या ग्रामीण भारताच्या पाहणीत तिसरीतील केवळ एकतृतीयांशाच्या आसपास मुलांना हातच्याची वजाबाकी करता आली.

धोरणकर्त्यांनीही याची दखल घेतली आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे, यासाठी जुलै २०२१मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झाले आणि २०२६-२७ हे त्याचे लक्ष्यवर्ष ठरले. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळ, खेळणी आणि कला यांना शिकण्याच्या केंद्रस्थानी स्थान देण्यात आले.

कागदावरचे धोरण आणि वर्गातील वास्तव यांत मात्र पालकांची अपेक्षा उभी असते. वहीची पाने भरली नाहीत, तर 'शाळेत काहीच शिकवत नाहीत' अशी तक्रार येते आणि शाळा पुन्हा आकडे गिरवण्याकडे वळते. बोटांचे स्नायू पुरेसे तयार नसताना शंभरपर्यंत लिहायला लावलेले मूल आकडे शिकते की नाही हे सांगता येत नाही. पण गणित म्हणजे हात दुखवणारे काम, हे ते नक्की शिकते. ही नावड एकदा मनात बसली, की दहावीपर्यंत पाठ सोडत नाही.

त्यावर उपाय खर्चिक नाही. मूठभर मणी, जुन्या वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे, पाटी, खडू आणि शेजारी बसून एखादा प्रश्न विचारणारे मोठे माणूस एवढे पुरते. मुलाने शाळेतून आणलेले चित्र पाहताना 'छान आहे' म्हणून ते बाजूला ठेवण्याऐवजी 'या घराला खिडक्या किती, आणि एवढ्याच का?' असे विचारून पाहावे. गणिताचा अभ्यास तेथूनच सुरू झालेला असतो.