विश्वातला सर्वांत जुना प्रकाश मोजताना उपग्रहच चुकला तर?

वणीच्या बाजारात द्राक्षांचा एकच क्रेट दोन काट्यांवर ठेवला आणि वजन वेगवेगळं आलं, तर कुणी द्राक्षांना दोष देत नाही. आधी काटा तपासला जातो. विश्वातला सर्वांत जुना प्रकाश मोजणाऱ्या शास्त्रज्ञांचंही असंच आहे. फक्त त्यांचा काटा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर असतो आणि तिथे मेकॅनिक पाठवता येत नाही.

हा प्रकाश महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झाला. आज तो सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडे आहे. तुमच्या आजूबाजूच्या प्रत्येक घन सेंटीमीटरमध्ये त्याचे सुमारे ४०० फोटॉन आहेत. या लहरींचं कंपन एखाद्या दिशेला किंचित जास्त असतं, त्याला ध्रुवीकरण म्हणतात. पहिले तारे कधी पेटले, याचा माग त्यात लागतो.

ते मोजायचं कसं? एक डिटेक्टर उभं कंपन टिपतो, दुसरा आडवं. दोघांची वजाबाकी म्हणजे ध्रुवीकरण. गोची इथेच आहे. प्रत्येक डिटेक्टर एका वेळी आकाशाचा एक ठिपका पाहतो. हा ठिपका गोल हवा, पण प्रत्यक्षात तो थोडा अंडाकृती असतो, आणि दोघांचे ठिपके तंतोतंत जुळतही नाहीत. मग एकाच्या ठिपक्यात शेजारचा जरा गरम भाग येतो, दुसऱ्याच्या येत नाही. वजाबाकीत हा तापमानाचा फरक उरतो आणि ध्रुवीकरण म्हणून नोंदला जातो. तापमानातले चढउतार ध्रुवीकरणापेक्षा कितीतरी मोठे असल्याने एवढीशी गळतीही महागात पडते.

अंडाकृती ठिपका काय करू शकतो, हे नासाच्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या तापमान-नकाशात दिसलं होतं. सात वर्षांच्या नोंदींत आकाश सगळ्या दिशांना सारखं नसल्याची खूण मिळाली. खरं असतं तर विश्वशास्त्राचा पायाच हलला असता! पण ही खूण दोन फ्रिक्वेन्सींमध्ये सारखी नव्हती, त्यामुळे संशय यंत्रावर गेला. २०१२ मध्ये पुण्याच्या 'आयुका'तले संजीत मित्रा, तरुण सौरदीप आणि सहकाऱ्यांनीही दाखवलं, की अंडाकृती ठिपक्यामुळेच अशी खूण उमटू शकते.

ध्रुवीकरणातल्या दुरुस्त्यांनी तर ताऱ्यांचा जन्मकाळ हलवला. २००३ मध्ये डब्ल्यूमॅपवरून अंदाज होता, की पहिले तारे महास्फोटानंतर सुमारे २० कोटी वर्षांनी पेटले. आकाशगंगेतली धूळ आणि यंत्राच्या त्रुटी अधिक नीट वजा होत गेल्या, तसा तो पुढे सरकला. २०१५ मध्ये युरोपच्या प्लँक उपग्रहाच्या चमूने सुमारे ५५ कोटी वर्षं सांगितली.

जपानच्या नेतृत्वाखाली आखलेल्या 'लाइटबर्ड' मोहिमेत दुर्बिणीपुढे एक फिरती चकती असेल. ती ध्रुवीकरणाची दिशा सतत फिरवते, त्यामुळे एकच डिटेक्टर दोन्ही कंपनं मोजू शकतो. म्हणजे दोन काट्यांचं भांडणच नाही. अर्थात चकतीही निर्दोष नसते. तिच्या त्रुटींचा हिशेब उड्डाणाआधीच मांडला जातो आहे.